गोधडीतला आवाज

हेडफोन बनवणाऱ्यांना एका रांगेत उभं करून अच्युतराव बदडणार होते. कुठं, कधी, ते अजून ठरलं नव्हतं. पण बदडणार होते हे रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्याला, आख्ख्या पाऱ्याला, माहीत होतं, कारण ओट्यावर बसून माणूस दुसरं काही बोलतच नव्हता.

"गोधडी पांघरून गाऊन राहिली का ही बाई? का तिच्या तोंडावर कोणी उशी दाबून धरली?" कानावरचा हेडफोन काढून ते समोरच्याच्या नाकापुढं नाचवायचे. "ऐक! तूच ऐक! याले आवाज म्हणते का कोणी?"

समोरचा ऐकायचा, मान डोलवायचा आणि सटकायचा. अच्युतरावांशी वाद घालायला वेळ कुणाला आहे? भाजीत मीठ कमी पडलं तरी हा माणूस भाजीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करणार. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीला रायपूरला आले, बापही रेल्वेत लागला, अच्युतरावांना मात्र रेल्वेनं घेतलं नाही. तेव्हापासून हे जगावर चिडून आहेत, असं त्यांच्या पत्नी कुसुमताई सांगायच्या.

रेल्वेनं नाही घेतलं म्हणून गेले शहराबाहेरच्या, कारखान्यांच्या उरल्याला, रोलिंग मिलमध्ये फिटर म्हणून. जन्म तिथंच गेला. लालभडक सळी धावत यायची, कातर खाडकन खाली पडायची, तुकडे लोखंडी पाट्यावर जाऊन आपटायचे. दिवसपाळीला तेच, रात्रपाळीला तेच, दिवाळीलाही तेच. घरी आल्यावर कुसुमताई काही बोलल्या की म्हणायचे, "जरा जोरानं बोल." त्या जोरानं बोलल्या की खेकसायचे, "वरडते कायले? बहिरा आहो का मी?" त्या बाईनं संसार कसा केला, तिचं तिला माहीत.

आणि गंमत बघा, एवढ्या खणखणाटातून बाहेर पडलेल्या या माणसाला मान होता तो कानाचा. मराठी मंडळाच्या गणपतीत गाण्याची एक संध्याकाळ असते. त्यात कोण गाणार ते अच्युतराव ठरवणार. कुणी नेमलं होतं असं नाही, पण पहिल्यापासून तसंच चालत आलेलं. मंडळाच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसायचे, डोळे गच्च मिटायचे आणि मांडीवर एक बोट ठेवायचे. बोट हलायला लागलं की गाणारा पास. नाही हललं तर पुढच्या वर्षी या. "डोळे उघडे ठेवून ऐकते तो माणूस बाईची साडी पाहते, गाणं नाही ऐकत," असं ते बिनदिक्कत सांगायचे, आणि बाकीचे बिचारे आपले डोळे हळूच मिटून घ्यायचे.

अलीकडं पोट्टे-पोट्ट्या हॉलमध्ये येईनात. घरीच मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करायचं आणि पाठवून द्यायचं. म्हणून गंधालीनं बाजारातून एक साधा, हलका हेडफोन आणून बापाला दिला. गंधाली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. शाळेत गाणं शिकवते आणि गाते अशी की ऐकत राहावं. पाऱ्यात कुणालाही विचारा. फक्त तिच्या बापाला विचारू नका.

कारण बापानं त्याच हेडफोनवर ऐकून तिला लागोपाठ दोन वर्षं त्या कार्यक्रमातून कापलं होतं.

"सूर आहे पोट्टीच्या गळ्यात, नाही कोण म्हणते?" ते मंडळात सगळ्यांसमोर बोलले होते. "पण अक्षरं गिळते. स नाही, श नाही, शब्दाची शेपटीच नाही. असं बोबडं गाणं आपण नाही ठेवत. आपली आहे म्हणून घुसवू का?" लोक म्हणाले, वा, बाप असावा तर असा. अच्युतरावांची छाती फुगली. पहिल्या वर्षी गंधाली रडली. दुसऱ्या वर्षी रडलीही नाही. घरात ती आधीपासून हिंदीतच उत्तरं द्यायची, या पिढीचं तसंच आहे, पण आता त्या हिंदीतही हो-नाहीपुरतंच उरलं. जेवायला वाढायची आणि आत निघून जायची.

आता खरं काय ते सांगायचं तर अच्युतरावांना आतून फार लागलं होतं. लेकीनं गावं असं त्यांच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. पण माणूस मेला तरी तसं बोलणार नाही. मग त्यांनी राग काढला हेडफोनवर. अक्षरं पोट्टी गिळत नसेल, हा डबडाच गिळत असेल! यंदा तिचं गाणं नीट ऐकायचंच, या हट्टानं त्यांनी ओट्यावर पेपर पसरला आणि तो हेडफोन फाडायला घेतला.

हात फिटरचे. नखानं कानाची गादी उचकटली, आतली फोमची चकती काढली. चकती ही एवढी जाड! "आता याच्यातून आवाज येईल कसा? रजई भरली हरामखोरांनी!" कुसुमताईंच्या नखं कापायच्या छोट्या कात्रीनं चकतीच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं गोल भोक पाडलं. चकतीखाली प्लास्टिकची जाळी होती, आणि तिला भोकं नावालाच. गॅसवर दाभण तापवलं आणि जाळीला आणखी भोकं पाडली, आतल्या पातळ पडद्याला धक्का लागू न देता. राहिला तो ढोलासारखा धमधमाट. त्यासाठी मागच्या बाजूच्या भोकावर कुसुमताईंची एक टिकली चिकटवली. कानाला लावलं, आणि खरंच, आवाज उघडला! गाणारा उशीखालून बाहेर येऊन समोर बसल्यासारखा झाला.

शेजारचा नीलेश त्यांच्याच जुन्या मिलमध्ये कामाला आहे. मिलच्या गाडीत बसून जाताना-येताना कानाला हेडफोन. त्यानं ऐकलं आणि उडालाच. "काका, मेरा भी कर दो ना!" झालं. त्याचा केला, त्याच्या दोस्तांचे केले, गल्लीतल्या कॉलेजच्या पोरींचे केले. कुसुमताई टिकलीचं पाकीट शोधत घरभर फिरायच्या आणि पाऱ्यातल्या निम्म्या हेडफोनांच्या पाठीवर त्यांच्या टिकल्या. "माझं कपाळ मोकळं आणि तुमच्या डबड्यांना सौभाग्य!" त्या म्हणायच्या. अच्युतराव खूश होते. म्हणजे थोडं कमी चिडायचे.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण गंधालीनं यंदाचं गाणं पाठवलं. बापाला काही न बोलता, बाकीच्या पोरींसारखं, मोबाइलवर. अच्युतरावांनी मोकळा केलेला हेडफोन चढवला, डोळे मिटले, बोट मांडीवर ठेवलं. सूर आला, लय आली, आणि शब्दांच्या जागी पुन्हा तेच खड्डे. बोट हललं नाही.

अशी आग भडकली त्यांच्या डोक्यात की विचारू नका! फोम अजून कापला. पुन्हा ऐकलं. खड्डेच. मग फोम काढूनच टाकला. जाळीही उपसून फेकली. मागं आणखी एक टिकली, त्यावर तिसरी. तरी खड्डे. "अजून दबते! अजून दबते!" म्हणत हा माणूस दिवसभर दाभण घेऊन बसलेला. आणि आपला हेडफोन तसा केला म्हणजे बरोबरच केला, या न्यायानं लोकांचेही मागवून घेतले आणि सगळ्यांची आतडी बाहेर काढली. "आधी कच्चं काम झालं होतं. आता पक्कं केलं," असं वर सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी नीलेश दारात उभा. तोंड कडू झालेलं.

"काका, ये क्या कर दिए? कान में सुई चुभ रही है."

"सुई तुह्या डोक्यात आहे बे! मोकळा आवाज आहे तो. तुले गोधडीची सवय लागली."

"हव काका, पर सब बोल रहे हैं. पहले वाला अच्छा था. अब तो सिर्फ चीं-चीं."

"सबको बोल, जाके कान धुलवाव!" अच्युतराव ओट्यावरून उठलेच. "मिलमध्ये पाय ठेवून तुले किती दिवस झाले रे? आणि मले कान शिकवून राहिला? फुकटात करून दिलं त किंमत नाही! निघ! निघ माझ्या ओट्यावरून!"

आरडाओरडा ऐकून गंधाली बाहेर आली. नीलेशच्या हातातला हेडफोन तिनं घेतला, कानाला लावला आणि चटका बसल्यासारखा लगेच काढला. मग बापाचा उचलला. त्यात तिचंच गाणं लावलेलं होतं. तिनं डोळे बारीक करून थोडं ऐकलं आणि सावकाश बापाकडं पाहिलं.

"बाबा, इसमें आपको मेरा स नहीं सुनाई देता?"

"नाही देत. असंल त ऐकू येईल ना!"

"इसमें तो सिर्फ स ही बचा है," गंधाली म्हणाली. "बाकी सब आपने निकाल दिया."

नीलेश खाली पाहायला लागला. कुसुमताई दारात कणकेचा हात तसाच धरून उभ्या राहिल्या. आणि गंधालीनं दोन वर्षं गिळलेलं ते बोलूनच टाकलं. "मैं अक्षर नहीं खाती, बाबा. आपके कान खाते हैं."

अच्युतरावांच्या तोंडून शब्द निघाले ते असे की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. ज्या कानावर मंडळ चालते, तो कान खराब? काल जन्मलेली पोट्टी बापाला बहिरा म्हणते? शिकवलं कोणी तुला गाणं? तंबोरा कोणी आणून दिला?

"तो चलिए, टेस्ट करा लेते हैं," गंधाली आवाज न चढवता म्हणाली. "कान ठीक निकले तो मैं गाना छोड़ दूँगी. स्कूल में भी. हमेशा के लिए."

"काय बोलून राहिली गं पोरी!" कुसुमताई पुढं झाल्या. पण बापलेक दोघंही एकाच मातीचे. "चाल," अच्युतराव म्हणाले. "आत्ता चाल. कागद आणून तुह्या तोंडावर नाही फेकला त बापाचं नाव लावणार नाही."

कानाच्या दवाखान्यात तपासणीला श्रावणी नावाची मुलगी होती, मराठी घरातलीच. तिनं अच्युतरावांना काचेची खिडकी असलेल्या एका चिमुकल्या खोलीत बसवलं. कानावर जाडजूड हेडफोन, एक बाजू लाल, एक निळी. हातात बटण दिलं. "काका, पीं असा आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक आला तरी दाबायचं."

"माहीत आहे," म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले. मंडळात मिटायचे तसेच.

सुरुवातीचे आवाज आले. जाडे होते, त्यांनी फटाफट बटण दाबलं. थोडे बारीक आले, तेही दाबलं. ओठांवर हसू यायला लागलं. लेक बाहेर उभी आहे, पाहू दे तिला. मग आवाज थांबले. ते वाट पाहत बसले. मशीन सेट करत असेल पोरगी. ते बसून राहिले. काही येईना. एक डोळा उघडून पाहिलं तर श्रावणी आपली खाली मान घालून बटणं फिरवते आहे.

त्यांनी काचेवर टकटक केलं. "सुरू करा ना! झोपा काढून राहिल्या का?"

श्रावणीनं हातानं बसायची खूण केली आणि पुन्हा बटण फिरवलं. काही नाही. मग मात्र अच्युतरावांचा तोल सुटला. हेडफोन काढला, उलटा केला, गादी दाबून पाहिली आणि खोलीचं दार ढकलून बाहेर आले. "बिघडली तुमची मशीन. आणि गादी पाहा ही, केवढी जाड! भोकं कुठं आहे याले? एखादी सुई आहे का इथं? मी करून देतो नीट."

गंधालीनं त्यांच्या हातातून तो हेडफोन घेतला आणि कानाला लावला. लावताक्षणी तिचा चेहरा आक्रसला. तिनं हेडफोन कानापासून लांब धरला, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बज रहा है, बाबा," ती म्हणाली. "बहुत ज़ोर से बज रहा है."

अच्युतरावांनी श्रावणीकडं पाहिलं. ती पोरगी बिचारी टेबलाच्या कडेकडं बघत बोलली, "मी मघापासून वाढवतच होते काका. जाडे आवाज तुम्हाला छान येतात. बारीक गेलेत. स, श, च, ट, ही अक्षरं त्या बारीक आवाजातच असतात." मग तिनं विचारलं, "कुठं काम करत होता तुम्ही?"

"उरल्याले. रोलिंग मिल."

"कानात काही घालत होता का?"

हसले अच्युतराव. ते हसणं चांगलं नव्हतं. कानात घालायचे फोमचे बोळे मिलमध्ये होते की! साहेबाच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलेले. सरकारी तपासणीवाले येणार त्या दिवशी सगळ्यांना वाटायचे, फोटो निघायचा, आणि गाड्या फाटकाबाहेर गेल्या की परत गोळा करायचे. अच्युतरावांनी एकदा परत दिले नाहीत तर सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला होता, लग्नात घालायचे आहेत का? सगळे हसले होते, हेही हसले होते.

"परत येते का?" त्यांनी विचारलं.

"गेलेलं नाही येत, काका. कानाला मशीन लावली तर थोडी मदत होईल."

दोघं घरी आले. नवऱ्याचा चेहरा पाहूनच कुसुमताई धावत दारात आल्या. त्यांना रडू यायला लागलं. "सांगा ना काय झालं, माय!" त्या विचारत राहिल्या. अच्युतराव ओट्यावर बसले. तिथं पेपरावर त्यांनी काढून टाकलेल्या फोमच्या चकत्या पडल्या होत्या. त्यातली एक उचलून ते बोटात दाबत राहिले. लोकांच्या हेडफोनांतून हाच फोम शिव्या देऊन उपसला होता, आणि जिथं घालायला हवा होता तिथं जन्मभर घातला नाही.

नीलेश मिलच्या गाडीसाठी घराबाहेर पडत होता. सकाळच्या शिव्या आठवून तो पलीकडच्या कडेनं जायला लागला. अच्युतरावांनी उठून त्याची कॉलरच धरली.

"कानात काय घालते बे तू मिलमध्ये?"

"कुछ नहीं, काका. कोई नहीं डालता."

"कोणी नाही घालत! मिलच्या बापाचे आहे का तुहे कान? आता पहिले मेडिकलवर जा. बोळे घे. घातल्याशिवाय फाटकात पाय ठेवला त टांग तोडीन. कोणी हसलं त माझं नाव सांग, आणि परत मागितले त त्याले माझ्याकडं पाठव!" आवाज फाटला होता त्यांचा. नीलेशला काही कळलं नाही, पण तो "हव काका, हव," म्हणत मेडिकलकडं पळाला.

मग ते आत आले. गंधाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"गा," ते म्हणाले.

"अभी?"

"आत्ता. इथं बस. माझ्याकडं तोंड करून बस."

ती बसली. तेच गाणं तिनं घेतलं, तंबोऱ्याशिवाय. अच्युतरावांनी सवयीनं डोळे मिटले, आणि मग उघडले. आयुष्यात पहिल्यांदा ते लेकीला गाताना पाहत होते. कानाला शब्दात खड्डा पडलेला कळायचा आणि त्याच क्षणी समोर तिचे दात जुळायचे, जीभ जागेवर जायची, ओठ हवे तसे व्हायचे. एकही अक्षर ती सोडत नव्हती. स होता. श होता. प्रत्येक शब्दाची शेपटी तिच्या तोंडात शाबूत होती.

गाणं संपताच ते उठून उभे राहिले. "मग काहून नाही सांगितलं मले?" ते ओरडले. "दोन वर्षं काहून गप्प बसली?"

"बताया था, बाबा," गंधाली म्हणाली. आणि मग, कितीतरी दिवसांनी, मराठीत म्हणाली, "दर वेळी सांगितलं. तुम्ही डोळे मिटून बसले होते."

अच्युतरावांनी पायात चपला चढवल्या. त्यांनी मंडळात जाऊन सांगितलं की यंदापासून निवडायचं काम मी करणार नाही, कान गेले माझे. लोकांना थट्टा वाटली. हसणाऱ्यांना त्यांनी अशा काही शिव्या घातल्या की थट्टा नाही हे सगळ्यांना पटलं. मंडळानं गंधालीचं गाणं ठेवलं. कुणाला त्यात एक क्षणही विचार करावा लागला नाही, हेही अच्युतरावांना फार झोंबलं.

गणपतीतल्या त्या संध्याकाळी ते पहिल्या रांगेत बसले होते. गंधालीनं सुरुवात केली. पेटीवाले दयाराम त्यांचे जुने दोस्त, तिच्या आधीच्या गाण्याची साथ संपवून शेजारी येऊन टेकले होते. त्यांनी अच्युतरावांकडं पाहिलं आणि कोपरानं ढोसलं.

"काय अच्युतराव, यंदा डोळे उघडे? साडी पाहून राहिले का?"

"चूप बस!" अच्युतराव खेकसले, इतक्या जोरात की मागची रांग दचकली आणि स्टेजवरून गंधालीनं इकडं पाहिलं. नजर त्यांनी तिच्या ओठांवरून हलवली नाही. मांडीवरचं बोट चाललं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही पापणी मिटायची त्यांची तयारी नव्हती.

"ऐकून राहिलो ना मी!"